मागच्या बाकावरून काय दिसतं?

अध्यक्ष महोदय, मॅडम आणि बी.एड.च्या पहिल्या वर्षाच्या मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेत माझा विषय 'वर्गनिरीक्षण : तीन सूत्रे' असा छापलाय. सूत्रं सांगणारच आहे, पण आधी मागच्या बाकाबद्दल बोलू द्या. आंतरवासितेपासून, म्हणजे शाळेत शिकवायच्या सरावाला गेलो तेव्हापासून, ते पोटात साठलंय. शिवाय अमळनेरात शिक्षणावर बोलायचं तर सानेगुरुजींचं नाव घ्यावं लागतं. १९२४ ते १९३० गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. घेतलं नाव, आता पुढे. (हशा)

छात्राध्यापक शाळेत आला की त्याला शेवटच्या बाकावर बसवतात. तिथून दिसतं काय? वेण्या, रिबिनी, मळलेल्या कॉलरी आणि कोण कुणाच्या पाठीवर पेनाने काय काढतोय ते. अख्ख्या वर्गात चेहरा दिसतो एकच, शिकवणाऱ्याचा. मग निरीक्षण वहीतही तोच उतरतो. 'आवाज खणखणीत. फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक.' ही तीन वाक्यं बॅचमागून बॅच उतरवली जातात. तुम्हीही उतरवली असतील, हात वर करू नका, मॅडम समोर आहेत. (हशा) आमच्यातल्या एकाने 'फलकलेखन आकर्षक' असा शेरा मारला होता. तो पाठ मैदानात कडुनिंबाखाली झाला होता आणि फळा होता खोलीत. सही मात्र मिळाली!

आता माझा आवडता किस्सा. तापीकाठचं एक गाव, दिवस दिवाळीनंतरचे. कापसाची वेचणी जोरात, त्यामुळे अर्धा वर्ग रिकामा. म्हणून मला पुढे, खिडकीजवळ, पोरांकडे तोंड करून बसायला मिळालं. सहावीचा गणिताचा तास. पाऊण भागिले अर्धा. सर म्हणाले, "भाजकाच्या गुणाकार व्यस्ताने गुणायचं. समजलं?" "होऽऽ सर!"

हा 'होऽऽ' समोरून बघण्यासारखा असतो. पहिल्या बाकावरच्या दोघी सुरुवात करतात, मधले सूर धरतात आणि कडेचे नुसते ओठ हलवतात. पाठीमागून हे कळणं शक्यच नाही, तिथे सगळा वर्ग समजल्यासारखाच ऐकू येतो.

तिसऱ्या बाकावरच्या एकीने ओठसुद्धा हलवले नाहीत. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "पाऊणमा अर्धं कितलं बसस, हाई इचारेल शे." म्हणजे, पाऊणात अर्धं किती वेळा बसतं, हे विचारलंय. ती क्षणभर वर आढ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "दीड!" बरोबर. भागाकार म्हणजे काय, ते त्या तासात वर्गात तेवढंच सांगितलं गेलं, आणि तेही अहिराणीत. सरांनी लगेच दरडावलं, "कोण बोलतंय तिकडे?"

तुमच्यापैकी ज्यांना अभ्यासाला फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती, म्हणजे वर्गातलं बोलणं मोजायची पद्धत आहे, त्यांनी नीट ऐका. दर तीन सेकंदांनी, त्या क्षणी वर्गात जे चाललंय त्याच्या प्रकाराचा एक आकडा लिहायचा. मिनिटाला वीस, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासाला सातशे. एकूण दहा प्रकार: पहिले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या आणि दहावा शांतता किंवा गोंधळाचा. तो सामुदायिक 'होऽऽ' जातो आठव्यात, विद्यार्थी-प्रतिसाद म्हणून. सरांचं दरडावणं सातव्यात. आणि त्या शेजारणीची कुजबुज? कागदावर ती दहाव्यात पडते. गोंधळ! फ्लँडर्सवर माझा राग नाही. त्याने सगळ्यांना ऐकू जाणारं बोलणं मोजायला ही पद्धत बसवली. आपण मात्र तिच्याकडून शिकण्याचंच माप काढायला बसतो, भरतीच्या पाण्याने विहिरीची खोली मोजावी तसं.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी येते.) पाच मिनिटं? सर, सूत्रं अजून सुरूच झालेली नाहीत. (हशा)

बरं, भराभर सांगते. पहिलं, पुढे बसा, खिडकीकडे किंवा दाराकडे. वर्गशिक्षकांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा, ऐन वेळी बाक हलवला की त्यांना वाटतं तपासणी आली. पहिली दहा मिनिटं पोरं तुमच्याकडेच बघतात, ती सोडून द्या. दुसरं, तासभर एकच मूल धरा. जे दिसलं आणि ऐकलं तेच लिहा, त्याच्या भाषेत. 'लक्ष नाही' लिहू नका. 'पेन उघडलं, तारीख लिहिली, मग दाराकडे बघत होता' असं लिहा. अहिराणी, पावरी, भिली, जे कानावर येईल ते जसंच्या तसं. समजलं नाही तर सुट्टीत त्या मुलालाच विचारा, मुलं फार आनंदाने सांगतात.

तिसरं सूत्र खरं तर मोठं आहे, पण वेळ गेला मागच्या बाकात. हजेरीपट बघा. वेचणीला कोण गेलं, ऊसतोडीला आई-बापाबरोबर कोण गेलं, धाकट्या भावाला सांभाळायला कोण घरी राहिली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे शाळेत असतो आपण, त्यातले बरेचसे नेमके याच हंगामात येतात. रिकाम्या बाकाचं निरीक्षण करायला वहीत रकाना नाही. मी माझ्या वहीत आखून घेतला होता. मार्गदर्शकांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, सर, आज पट बत्तीसचा आणि सहभाग समाधानकारक लिहायचाय, तर तो कितींचा लिहू?

माझ्या वहीचा नमुना टेबलावर ठेवलाय. झेरॉक्स काढून घ्या, पण मूळ प्रत परत करा.