हातगाडी धरली की पाय दुखत नाही

सकाळचे साडेसहा, पंचवटी. हे काका भाजीची हातगाडी ढकलत होळकर पुलावरून रविवार कारंजाकडे निघालेत, वय 67, आणि चाल बघा, तरण्या पोराला मागे टाकतील. आता हेच काका दुपारी, गाडी पोराच्या ताब्यात देऊन मोकळ्या हाताने घरी येताना. शंभरेक पावलं झाली की पोटऱ्या भरून येतात, पायाला मुंग्या, मग कठड्यावर ओणवं टेकायचं, दोन मिनिटं थांबायचं, की परत शंभर पावलं.

घरचे म्हणायचे नाटकं करतात, गाडी ढकलताना काही होत नाही आणि किराणा आणायला सांगितला की बरोब्बर पाय दुखतो!

पण ह्या दुखण्याची, म्हणजे कंबरेतली नसांची वाट अरुंद होण्याची (डॉक्टर लंबर स्टेनोसिस म्हणतात), खूणच ती आहे. पाठीचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्या खाली नुसत्या नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटीसारखा. वय झालं की पुढून मणक्यांमधली गादी फुगते, मागचं लिगामेंट (मणके बांधून ठेवणारा पट्टा) जाड होतं, बाजूचे सांधे वाढतात आणि नसांची वाट चहूबाजूंनी आवळत जाते, बहुतेकांची चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे. ताठ उभं राहिलं की अजून आवळते, वाकलं की जरा मोकळी होते. म्हणून गाडीवर ओणवं होऊन ढकलताना त्रास नाही, सायकलवर नाही, पांडवलेणी चढतानाही फारसा नाही, उतरताना मात्र रडवते.

1954 मध्ये नेदरलँड्सच्या हेंक व्हर्बीस्ट नावाच्या न्यूरोसर्जननी असे पेशंट नीट मांडून दाखवले, तोवर कित्येकांना पायाच्या रक्तवाहिनीचा आजार समजून सोडून दिलं जायचं. तसा तो असूही शकतो हां, पण त्यात नुसतं उभं राहिलं तरी भागतं, इथे वाकावं किंवा बसावं लागतं. म्हणून डॉक्टर पावलाची नाडी बघतात ती उगाच नाही.

ऑपरेशन लगेच नाही करत कुणी. गोळ्या, फिजिओ, कुणाला इंजेक्शन. काकांनी वर्षभर सगळं केलं, पण शंभराची पन्नास पावलं झाली तेव्हा एमआरआय घेऊन हो म्हणाले. (लघवी अडकली किंवा बसायची जागा बधिर झाली तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.)

आत काय करतात? भूल देऊन पालथं झोपवतात, मणक्याच्या मागच्या कमानीचं हाड थोडं कोरून काढतात, जाड झालेलं लिगामेंट नसांच्या आवरणावरून हळूच सोडवतात. झालं. ह्यालाच डीकॉम्प्रेशन म्हणतात.

आणि मणके एकमेकांना जोडून टाकणारे स्क्रू? हा प्रश्न नाशकात प्रत्येक घरी निघतो, कारण खर्चाचा मोठा भाग तोच. मणका घसरून हलत असेल तर लागतात. पण 2016 मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी 247 पेशंटवर केलेला अभ्यास छापून आला, अर्ध्यांना नुसतं डीकॉम्प्रेशन, अर्ध्यांना वर स्क्रूने जोडकाम, बऱ्याच जणांचा मणका थोडा घसरलेलाही होता, आणि दोन वर्षांनी दोन्हीकडचे सारखेच बरे. तेव्हा स्क्रू सांगितले तर कशासाठी ते बिनधास्त विचारा, चांगला डॉक्टर चिडत नाही.

धोके आहेत. नसांचं आवरण फाटून त्यातलं पाणी गळू शकतं, इन्फेक्शन होऊ शकतं, काही वर्षांनी वाट परत अरुंद होऊ शकते. काकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, पायातली कळ गेली होती, बधिरपणा मात्र थोडा राहिला. काकूंना कळेना की मग कंबर का दुखते अजून. तर ऑपरेशन पायासाठी, चालण्यासाठी असतं, झिजलेल्या कंबरेची गॅरंटी कुणी देत नाही, आणि हे आधी न सांगितल्यानेच निम्मी भांडणं होतात.

हे तीन महिन्यांनंतरचं शूटिंग. गाडी पोरगा ढकलतोय. काका शेजारून मोकळ्या हाताने चाललेत, एक हात मधूनच कंबरेवर जातोय, पूल संपला तरी कठड्याकडे काही वळले नाहीत.