जागा न सोडणारा क्वार्टरबॅक : वॉरन मून

जानेवारी १९७८. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे झालेल्या रोझ बोल या विद्यापीठीय अमेरिकन फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाने बलाढ्य मिशिगन विद्यापीठाला २७–२० असे हरवले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक वॉरन मून याला मिळाला. त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, संघांनी १२ फेऱ्यांमध्ये तीनशेहून अधिक विद्यापीठीय खेळाडू निवडले; त्यात मून यांचे नाव नव्हते. अर्थात, तोवर त्यांनी कॅनडातील एडमंटनच्या संघाशी करार करूनही टाकला होता, कारण निवडीआधीच एनएफएलकडून मिळणारे संकेत पुरेसे बोलके होते. क्वार्टरबॅक म्हणून त्यांना वरच्या फेरीत कोणी घेणार नव्हते, आणि दुसऱ्या जागेवर खेळण्याची त्यांची तयारी नव्हती.

ही जागा इतकी मोलाची का, हे समजल्याशिवाय मून यांची कहाणी उलगडत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. समोरच्या बचावाची रचना ओळखून, अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड खेळाडूंना चुकवत, चेंडू कोणाकडे फेकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. म्हणूनच या जागेला संघाचा मेंदू मानले जाई, आणि नेमक्या याच कारणाने ती कृष्णवर्णीय खेळाडूंना सहसा दिली जात नसे. कृष्णवर्णीय मुलगा वेगाने धावू शकतो, उंच उडी मारून चेंडू झेलू शकतो, परंतु डावपेच आखणे आणि नेतृत्व करणे त्याला झेपणार नाही, हा समज प्रशिक्षकांपासून संघमालकांपर्यंत मुरलेला होता. विद्यापीठात क्वार्टरबॅक म्हणून नाव कमावलेल्या कितीतरी कृष्णवर्णीय तरुणांना व्यावसायिक संघात शिरताना जागा बदलावी लागली. त्याच १९७८ च्या निवडीत टॅम्पा बे संघाने डग विल्यम्स या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला पहिल्याच फेरीत घेतले खरे, पण तो अपवाद होता.

मून यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९५६ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वडील गेले तेव्हा वॉरन सात वर्षांचा होता. आई परिचारिका, घरात सहा बहिणी आणि हा एकटा मुलगा. त्यामुळे स्वयंपाक, शिवण, इस्त्री ही कामे त्याने लहानपणीच शिकून घेतली. शालेय फुटबॉल गाजवूनही क्वार्टरबॅकची जागा हातची जाऊ नये म्हणून तो आधी एका स्थानिक कनिष्ठ महाविद्यालयात गेला. पुढे प्रशिक्षक डॉन जेम्स यांनी त्याला वॉशिंग्टन विद्यापीठात संधी दिली, तेव्हा विद्यापीठाच्या सिएटल येथील घरच्याच मैदानावर प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत असत. जेम्स यांनी मात्र त्याला जागेवरून हलवले नाही, आणि रोझ बोलच्या विजयाने त्यांचा निर्णय सार्थ ठरवला.

कॅनडातील खेळ थोडा निराळा आहे. तेथे मैदान अधिक लांब-रुंद असते, संघात बारा खेळाडू असतात आणि दहा यार्डांसाठी तीनच प्रयत्न मिळतात. साहजिकच तेथे धावण्यापेक्षा लांब फेकीला महत्त्व येते, आणि मून यांचा हात त्यासाठीच घडलेला होता. प्रशिक्षक ह्यू कॅम्पबेल यांच्या एडमंटन संघाने १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षे ग्रे कप, म्हणजे कॅनडातील लीगचे विजेतेपद, जिंकला. सुरुवातीला ज्येष्ठ क्वार्टरबॅक टॉम विल्किन्सन यांच्या जोडीने आणि नंतर स्वतंत्रपणे मून यांनी या विजयांत वाटा उचलला. १९८२ मध्ये एकाच हंगामात त्यांच्या फेकींनी ५,००० यार्डांचा टप्पा गाठला. पुढच्या वर्षी हा आकडा ५,६४८ वर गेला.

आता एनएफएलचे संघ त्यांच्यासाठी चढाओढ करू लागले. १९८४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी ह्यूस्टन ऑइलर्स या संघाची निवड केली. तेथे कॅम्पबेलच मुख्य प्रशिक्षक होते. पहिली तीन वर्षे पराभवांचीच होती. मैदानावर बसणारा मार त्यांच्यासाठी नवा नव्हता, पण प्रेक्षकांमध्ये बसलेल्या त्यांच्या कुटुंबाच्या कानांवर घरच्याच मैदानात वर्णद्वेषी शेरे पडत होते.

१९८७ पासून चित्र पालटले आणि ऑइलर्सनी सलग सात हंगाम बाद फेरी गाठली. चार वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू, मैदानभर पसरवून चेंडू हवेतून पुढे नेण्याच्या ‘रन अँड शूट’ पद्धतीत मून यांचा खेळ बहरला. १६ डिसेंबर १९९० रोजी कॅन्सस सिटीविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात ५२७ यार्डांच्या फेकी केल्या. समोरच्या बचावाची चाल पाहून आक्रमणाची दिशा आयत्या वेळी बदलणे हाच या पद्धतीचा गाभा होता. ज्याला डोके चालवता येणार नाही असे गृहीत धरले गेले होते, त्याने नेमक्या याच कामात प्रभुत्व मिळवले.

तरीही ३ जानेवारी १९९३ हा दिवस टाळता येत नाही. बफेलोविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात मून यांनी पूर्वार्धातच चार टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी, दिले आणि उत्तरार्धाच्या आरंभी ह्यूस्टन ३५–३ असे आघाडीवर होते. बफेलोचा नेहमीचा क्वार्टरबॅक जिम केली जायबंदी होता. त्याच्या जागी आलेल्या फ्रँक राइकने ३२ गुणांची पिछाडी भरून काढली. जादा वेळेत मून यांचा पास बचावपटूने झेलला आणि बफेलोने सामना ४१–३८ असा जिंकला. या पराभवाचे खापर त्यांच्यावर फुटले, ते मला अन्यायाचे वाटते. कारण ३२ गुणांची आघाडी गमावणे हे मुख्यतः बचावफळीचे अपयश असते. मात्र सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, त्यांच्या नशिबी कधीच आला नाही, ही उणीव कोणत्याही युक्तिवादाने झाकता येत नाही.

१९९४ मध्ये ते मिनेसोटाच्या संघात गेले. पुढच्याच वर्षी पत्नीला मारहाण केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला; १९९६ मध्ये न्यायालयात ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. त्यानंतर ते सिएटलकडून खेळले आणि शेवटी कॅन्सस सिटीकडून. वयाच्या ४४ व्या वर्षी निवृत्त होताना त्यांच्या नावावर एनएफएलमधील ४९,३२५ यार्ड आणि २९१ टचडाउन पास होते. कॅनडातील सहा हंगामांचे २१,२२८ यार्ड यात धरलेले नाहीत.

२००६ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोर व्यक्तींच्या सन्मानयादीत, प्रवेश मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरले. सत्काराच्या भाषणात त्यांनी या ‘पहिलेपणा’च्या चर्चेबद्दल अवघडलेपण व्यक्त केले, केवळ क्वार्टरबॅक म्हणून आपले मूल्यमापन व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढे बारा वर्षांनी, २०१८ च्या निवडीपूर्वी, लमार जॅक्सन या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने वाइड रिसीव्हर व्हावे, अशी सूचना एनएफएलमधील एका नामांकित माजी व्यवस्थापकाने जाहीरपणे केली. जॅक्सनने ती धुडकावली, आणि २०१९ च्या हंगामात तो एकमताने लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.