दुपारी मान टाकणारा टोमॅटो

नमस्कार, श्रोतेहो.

एप्रिल सरत आला. परसातले टोमॅटो बहुतेकांनी एव्हाना उपटले असतील, नाहीतर ते आपणहून गेले असतील. दसऱ्यानंतर लावलेलं रोप छान वाढतं, फुलतं, पहिली फळं धरतं आणि एका दुपारी मान टाकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताजंतवानं दिसतं, म्हणून आपण दोन तांबे पाणी जास्त घालतो. पुन्हा दुपारी तेच. काही दिवसांत झाडाचा खराटा होतो. टोमॅटोचा हंगाम सरल्यावर मी टोमॅटोवर का बोलतोय, असं वाटेल. पण या मर रोगावरचं निम्मं काम मे महिन्यात करायचं असतं. नोव्हेंबरात झाड कोमेजल्यावर त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरत नाही.

ही मर आणणारी बुरशी फ्युजेरियम. ती मातीत राहते, कोवळ्या मुळातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये वाढते. नळ्या तुंबतात. मातीत पाणी असतं, मुळाशी पाणी असतं, पण पानापर्यंत पोचत नाही. दुपारी पानांची तहान वाढते तेव्हा हे उघडं पडतं. अशा झाडाला पाणी वाढवलं की मुळं गुदमरतात आणि बुरशीचं काम सोपं होतं.

पण गोव्यात एक मोठी गफलत होते. आपल्याकडे टोमॅटो, वांगी, मिरची यांना जिवाणूमुळे होणारी मरही सर्रास आढळते आणि वरवर दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून आधी सुरी घ्या. मान टाकलेलं झाड मुळासकट उपटा आणि जमिनीलगतचा देठ उभा चिरा. साल आणि गर यांच्यामध्ये तपकिरी रेघ दिसली तर रोग नळ्यांमध्ये आहे हे नक्की. मग तोच देठ आडवा कापून बोटभर तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात, कापलेलं टोक बुडेल असा, हलवाहलव न करता धरा. काही मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले तर तो जिवाणू. पाणी नितळ राहिलं तर बहुधा बुरशी. झाडावरच्याही खुणा आहेत. बुरशीची मर सावकाश येते, खालची पानं आधी पिवळी पडतात, आणि पुष्कळदा झाडाची एकच बाजू पिवळी होते, अगदी एका पानाचीही अर्धीच बाजू. जिवाणूचं झाड मात्र हिरवंगार असतानाच दोनतीन दिवसांत कोसळतं.

तिसरा एक प्रकार आहे. देठाच्या बुंध्याशी, मातीलगत, पांढरी कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. ही स्क्लेरोशियम, वेगळी बुरशी. ओलसर पालापाचोळा बुंध्याला टेकला की तिचं फावतं. आपल्याकडे माडाची चुडतं, आंब्याची पानं आच्छादन म्हणून घालायची चांगली सवय आहे, ती सोडू नका. फक्त बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा.

हे ओळखायचं कशासाठी, तर दुकानात ‘मर रोगाला प्रतिकारक’ एवढंच सांगून बियाणं विकलं जातं आणि कुठल्या मरीला, हे कुणी विचारत नाही. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण उदाहरणादाखल घ्या. तो पानं मुरडणाऱ्या विषाणूला, जिवाणूच्या मरीला आणि करप्याला दाद देत नाही. गोव्यासाठी हे मोलाचं आहे, पण फ्युजेरियम त्या यादीत नाही. फ्युजेरियमसाठी पाकिटावर ‘एफ’ हे अक्षर शोधा. व्ही, एफ, एन अशी अक्षरं छापलेली असतात, त्यातलं एफ म्हणजे फ्युजेरियम आणि एन म्हणजे मुळांवर गाठी आणणारी सूत्रकृमी, मातीतले अगदी बारीक जंत. हे दोन्ही एकत्र असलेलं बरं, कारण सूत्रकृमीने मुळाला भोकं पाडली की बुरशीला आयती वाट मिळते. बेळगावहून आलेल्या बाजारातल्या टोमॅटोचं बी पेरणारे पुष्कळ आहेत. फळं मिळतातही. पण त्या बियाण्यात प्रतिकारशक्ती किती उतरली हे कुणालाच ठाऊक नसतं.

आता मे महिन्याकडे येतो. जो वाफा यंदा गेला, त्याला ऊन द्यायचं. माती मोकळी करा, ढेकळं फोडा, काड्या-मुळं वेचून काढा. संध्याकाळी भरपूर पाणी द्या, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि झोपलेली बुरशी ओलाव्याने जागी होऊन लवकर मरते. दुसऱ्या दिवशी पातळ, पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटेल असं ताणून घाला. 25 ते 50 मायक्रॉनचं पुरतं. चारी कडा मातीत गाडा, वारा आत शिरता कामा नये. पुष्कळ जण काळं प्लास्टिक घालतात. ते स्वतः तापतं, खालची माती तेवढी तापत नाही. चार ते सहा आठवडे हे राहू द्या. आज-उद्या घातलंत तर जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येईपर्यंत पाच आठवडे मिळतात.

यात खोटी आशा नको. माडांच्या सावलीतल्या परसात हा उपाय चालत नाही, दिवसभर ऊन हवं. आणि उष्णतेचा खरा मार वरच्या वीतभर मातीलाच बसतो. खाली फ्युजेरियमचे जाड भिंतीचे बीजाणू जिवंत राहतात, ते टोमॅटो नसतानाही वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून प्लास्टिक काढल्यावर वाफा खोल खणू नका, खालची माती वर आणू नका.

तापलेल्या मातीतल्या वाईटाबरोबर चांगलेही बरेच जातात. जागा रिकामी होते, आणि तिथे आधी कोण शिरतो यावर पुढचं ठरतं. म्हणून लगेच ट्रायकोडर्मा द्या. ही मित्रबुरशी आहे, फ्युजेरियमची जागा आणि अन्न दोन्ही बळकावते. 10 किलो मुरलेल्या शेणखतात 100 ग्रॅम पूड मिसळा, हाताला ओल लागेल इतपत पाणी शिंपडा, सावलीत गोणपाटाखाली दहा-पंधरा दिवस ठेवा, मधूनमधून परता. हिरवट-पांढरी झाक आली की वाफ्यात घाला. पाकिटावरची तारीख मात्र बघा. ही जिवंत वस्तू आहे, दुकानाच्या दारात उन्हात पडलेलं पाकीट म्हणजे नुसती खडूची पूड. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक त्याच मातीत ओतलंत तर ट्रायकोडर्माही मरतो. आजारी झाडाला असली औषधं ओतून ते बरं होत नाही, घरच्या चार झाडांसाठी मी त्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन.

पावसाळ्यात त्या वाफ्यात दसऱ्यासाठी झेंडू लावा. त्याची मुळं सूत्रकृमी कमी करतात, आणि फुलं बाजारातून आणावी लागत नाहीत. शेजारच्या वाफ्याचं पाणी तिथे वाहत येणार नाही असा बांध तेवढा घाला. टोमॅटो परत त्याच जागी आणायची घाई नको. मध्ये अळसांदे, तांबडी भाजी, मका येऊ द्या. वांगी आणि मिरची मात्र नकोत, जिवाणूची मर त्यांच्यातून तशीच पुढे जाते.

चुन्याबद्दल थोडं सविस्तर. आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, आणि फ्युजेरियमला आम्लधर्मी मातीच आवडते. सामू, म्हणजे मातीचा पीएच, साडेसहा ते सातच्या दरम्यान आणला की तिचा जोर कमी होतो. पण मे महिन्यात चुना टाकाल तर आपला पाऊस त्यातला काही धुऊन नेईल. तो सप्टेंबरअखेर, लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी घाला. माती फारच आम्लधर्मी असेल तर चौरस मीटरला 200 ग्रॅमच्या आसपास शेतीचा चुना किंवा डोलोमाइट, पण आधी विभागीय कृषी कार्यालयाकडून माती तपासून घ्या. चुना आणि ट्रायकोडर्माचं खत एकाच दिवशी नको, पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. युरिया आणि अमोनियम सल्फेट हात राखून वापरा, अमोनियाच्या रूपातलं नत्र जास्त झालं की ही मर बळावते.

गच्चीवर पिशव्यांत लावणाऱ्यांचं काम त्या मानाने सोपं आहे. मेलेल्या झाडाची माती दुसऱ्या पिशवीत ओतू नका. ती ओली करून, वीतभर थराने, दोन पारदर्शक प्लास्टिकच्या मध्ये गच्चीवर पसरा. खालूनवरून तापल्यामुळे ती जमिनीपेक्षा लवकर निर्धोक होते. रोपं मात्र विकत घेताना एकदोन उपटून मुळं बघून घ्या. पांढरी, स्वच्छ मुळं असतील तरच घ्या. तपकिरी मुळांचं रोप स्वस्तात मिळालं तरी तुमच्या तापवलेल्या मातीत तेच रोग घेऊन येतं.

पुढच्या हंगामात एखादं झाड मरू लागलं तर शेवटपर्यंत वाट बघू नका. मुळांभोवतीच्या मातीसकट काढा, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, वाळवून जाळा. कोयता-खुरपं धुऊन मगच दुसऱ्या झाडाला लावा. आणि सुरी-पेल्याच्या परीक्षेनंतरही शंका राहिली तर एक झाड कृषी विज्ञान केंद्रात न्या. उत्तरेत ते जुन्या गोव्यात एला इथे आहे, दक्षिणेत मडगावला. अर्धवट कोमेजलेलं झाड न्या, पूर्ण वाळलेल्यातून काही कळत नाही. कागदात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ते वाटेतच कुजतं आणि मग तपासणाऱ्याला कुजण्याची बुरशीच तेवढी दिसते.

नमस्कार.