सातचा भोंगा

भोसरी एमआयडीसी. सकाळचे सहा पन्नास.

गेटवर पंचिंगसाठी रांग लागली आहे. एका हातात डबा, दुसऱ्या हाताचा अंगठा मशीनवर. आत रात्रपाळी अजून मशीनवरच उभी आहे. त्यांची बस सव्वासातला सुटते. दोन्ही पाळ्या एका छपराखाली भेटतात त्या एवढ्याच वेळात.

हा हात जवळून बघा. रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या चिमटीत नखाएवढा तुकडा आहे, कटिंग टूलच्या टोकाचा इन्सर्ट. त्याची एक कड उडाली आहे. पहाटे चारला जॉबचा, म्हणजे मशीनवर घडणाऱ्या भागाचा, बोअर (आतलं भोक) वीस मायक्रॉनने लहान यायला लागला, तेव्हा त्याने हा काढला, नवा लावला, मशीनला ऑफसेट (मापातला फरक) दिला. रजिस्टरमध्ये नोंद आहेच. पण उडालेली कड हातात घेऊन बघितली, की सकाळचा माणूस पहिला जॉब मोजल्याशिवाय दुसरा लावत नाही.

त्यासाठी ही मीटिंग. जमिनीवर पिवळ्या पट्टीचा चौकोन आखलाय, समोर बोर्ड. खुर्ची एकही नाही. आधी सुरक्षा: कुणाला लागलं का, कुठे तेल सांडलंय का. मग रात्रीचे रिजेक्ट जॉब, टेबलावर मांडून. मग आज कोण रजेवर, कोणतं मशीन कोण बघणार. पाच मिनिटं, उभ्या उभ्या.

ही मीटिंग वर्षानुवर्षं कधीच वेळेवर सुरू झाली नाही. का? आधी साहेबांची वाट बघायची, आणि साहेब नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये. दुसरं म्हणजे घड्याळं. हे भिंतीवरचं चार मिनिटं पुढे. पंचिंग मशीनचं वेगळं. मोबाइलचं तिसरंच. प्रत्येक जण आपापल्या घड्याळाने वेळेवर! मग वेळेवर आलेली माणसं हात बांधून उभी, आणि रात्रपाळीवाल्याचं लक्ष बसकडे.

कुणाचं घड्याळ धरायचं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. हा राजाबाई टॉवर, 1878 साली पुरा झालेला. त्या काळी मुंबईची स्वतःची वेळ होती. 1906 च्या जानेवारीत सरकारने देशभर प्रमाणवेळ लागू केली आणि मुंबईचे काटे 39 मिनिटं पुढे गेले. सूर्य होता तिथेच. पण गिरणीत मात्र 39 मिनिटं आधी हजर व्हायचं! गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. मुंबई महापालिकेने तर पुढे कित्येक दशकं जुनीच वेळ पाळली. ज्याची झोप जाते, त्याला न विचारता वेळ ठरवली की असं होतं.

इथे विचारलं गेलं. चौकोनातच ठरलं: घड्याळ कुठलंच नको, भोंगा धरायचा. भोंगा सर्वांना एकदमच ऐकू येतो. आणि सुरुवात साहेबांनी नाही करायची. बोर्डाच्या कोपऱ्यात आठवड्याची नावं लिहिलेली असतात. ज्याचं नाव, तो बोलायला लागतो. या आठवड्यात एक ट्रेनी मुलगा आहे. पहिल्या दिवशी त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता, काका लोक "जोरात बोल रे!" म्हणत होते. उशिरा येणारा पट्टीबाहेर उभा राहून ऐकतो. त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगत नाहीत. मॅनेजर उशिरा आले तर तेही पट्टीबाहेर.

सकाळचे रिजेक्ट जॉब कमी झाले, बस कुणाची चुकत नाही.

भोंगा.

"गुड मॉर्निंग, दादा लोक. रात्री कुणाला लागलेलं नाही. तीन नंबरवर इन्सर्ट बदललाय."

तो तुकडा आता हातोहात फिरतोय. रात्रपाळीवाल्याकडून सकाळवाल्याकडे. तो उजेडाकडे धरून बघतो, खिशात टाकतो.

सात वाजून पाच. चौकोन रिकामा. तीन नंबरचा स्पिंडल फिरायला लागला आहे.