चौथ्या गिअरची गोष्ट: जुन्या शेव्हेलमध्ये ओव्हरड्राइव्ह

(पडद्यावर: सरळ हायवे. १९७० ची शेव्हरोले शेव्हेल. काचा खाली. इंजिनाचा सलग आवाज.)

ऐकताय ना? ताशी ७० मैल, म्हणजे साधारण ११३ किलोमीटर. या गाडीसाठी हा वेग काही फार नाही. बोनेटखाली ३५० घनइंची व्ही-८ इंजिन आहे, त्याची निम्मीअधिक ताकद नुसती पडून आहे. तरीही ते मिनिटाला जवळजवळ ३,४०० फेरे मारतंय, आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतोय. कारण एवढंच, की गाडीचे गिअर संपलेत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तीन गिअरचा. तिसरा पडला की पुढे काही नाही.

गाडी म्हातारी झाली म्हणून ती अशी ओरडते, असं बघणाऱ्याला वाटतं. पण शोरूममधून बाहेर पडली त्या दिवशीही, मागच्या एक्सलमध्ये हेच रेशो (इंजिनाच्या किती फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो ते प्रमाण) असते तर, ती अशीच ओरडली असती.

(पडद्यावर: जुनी छायाचित्रं. मोठ्या गाड्या, पेट्रोलपंप.)

जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक नावाची ऑटोमॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आली, तेव्हाही ती चार गिअरचीच होती. पण तिचा चौथा गिअर सरळ होता, एकास एक. इंजिनाचा एक फेरा, प्रॉपेलर शाफ्टचाही (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचाही) एक फेरा. पुढे शेव्हरोलेने १९५० मध्ये दोनच गिअरची पॉवरग्लाइड आणली आणि ती वर्षानुवर्षं चालली. मग तीन गिअरची टर्बो ३५०, जी या शेव्हेलमध्ये आहे. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होतं, इंजिनं मोठी होती. चौथ्या गिअरसाठी डोकेफोड करायची कुणाला पडली होती?

ती वेळ १९७३ च्या तेलसंकटाने आणली. १९७४ मध्ये अमेरिकेत सगळीकडे ताशी ५५ मैलांची मर्यादा लागली. १९७५ च्या कायद्याने कंपन्यांना गाड्यांच्या सरासरी मायलेजचं बंधन घातलं आणि ते १९७८ च्या मॉडेलांपासून लागू झालं. त्यानंतर फोर्डने १९८० मध्ये एओडी आणली, जनरल मोटर्सने १९८१ मध्ये २००-४आर आणि १९८२ मध्ये ७००-आर४. तिन्ही चार गिअरच्या, तिन्हींचा चौथा गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा जोरात फिरवणारा. ताशी ५५ मैलांनी जायची सक्ती असलेल्या काळात, सरकारी मायलेजचा हिशेब जुळवायला बनवलेले हे गिअरबॉक्स. आज ते हौशी लोक मसलकारच्या, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या जुन्या जोमदार गाड्यांच्या, पोटात बसवतात, ही गंमत मला फार आवडते.

(पडद्यावर: टेबलावर उघडलेला गिअरबॉक्स. हाताने फिरणारा प्लॅनेटरी गिअरसेट.)

मधला छोटा दातेरी गिअर म्हणजे सन. त्याच्याभोवती फिरणारे ते प्लॅनेट, त्यांना धरून ठेवणारा कॅरिअर, आणि सगळ्यांना वेढून असलेली रिंग. आता सन घट्ट धरला आणि कॅरिअर फिरवला, तर रिंग कॅरिअरपेक्षा जोरात फिरते. ओव्हरड्राइव्ह म्हणतात तो एवढाच. सायकलचं पुढचं मोठं दातेरी चाक आणि मागचं छोटं, तोच हिशेब, फक्त साखळीशिवाय. ७००-आर४ मध्ये सन धरायचं काम एक पोलादी पट्टा करतो. तोच पट्टा दुसऱ्या गिअरलाही वापरला जातो.

चौथ्याचा रेशो ०.७०. म्हणजे शाफ्टचा एक पूर्ण फेरा व्हायला इंजिनाला ०.७० फेरा पुरतो. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, सरळ ३० टक्क्यांनी खाली.

इथवर सगळे खूश असतात. खरा प्रश्न पुढे आहे, आणि तो गाडीच्या मागच्या टोकाला आहे.

(पडद्यावर: मागचा एक्सल. डिफरन्शियलचं झाकण उघडलेलं.)

या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये ३.७३ चा क्राउन-पिनियन आहे (शाफ्टचे ३.७३ फेरे झाले की चाकाचा एक फेरा करणारी दातेरी जोडी) आणि टायरचा व्यास २६ इंच. हिशेब कागदावर मांडता येतो: वेग मैलांत, गुणिले डिफरन्शियलचा रेशो, गुणिले गिअरचा रेशो, गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास. ३३६ हा आकडा मैल, इंच आणि मिनिटं यांचा मेळ घालतो. ७० मैलांना तिसऱ्या गिअरमध्ये उत्तर येतं ३,३७४. चौथ्यात २,३६२. हजार फेरे कमी.

आता समजा गाडीच्या मागे ३.७३ ऐवजी ३.०८ आहे. त्या काळच्या कितीतरी गाड्या असे कमी रेशो घेऊनच कारखान्यातून निघायच्या, कारण हायवेवर आरपीएम आटोक्यात ठेवायचा तोच एक उपाय होता. अशा गाडीला ओव्हरड्राइव्ह लावला तर ६० मैलांना इंजिन साधारण १,६७० वर येतं. कागदावर झकास. रस्त्यावर मात्र, विशेषतः तेज, म्हणजे वरच्या आरपीएमला जोर देणारा, कॅमशाफ्ट बसवलेलं इंजिन असेल तर, त्या आरपीएमला अंगात जीवच नसतो. थोडा चढ आला की गुरगुरतं, गाडी थरथरते, गिअरबॉक्स तिसऱ्यावर उतरतो, सपाटी आली की परत चौथा, परत चढ, परत तिसरा. ज्यांच्या गाडीला मुळातच ३.०८ आहे आणि ज्यांना फक्त हायवेवर शांतता हवी आहे, त्यांना ओव्हरड्राइव्हची गरज जवळजवळ नाहीच. हे ऐकायला कुणाला आवडत नाही.

पण याच आकड्यांची दुसरी बाजू बघा. ७००-आर४ चा पहिला गिअर ३.०६ चा, टर्बो ३५० चा २.५२ चा. ३.०८ च्या एक्सलशी नव्या पहिल्याचा गुणाकार ९.४२. ३.७३ च्या एक्सलशी जुन्या पहिल्याचा गुणाकार ९.४०. म्हणजे सिग्नलवरून सुटताना, कमी रेशोची गाडी नव्या गिअरबॉक्सने जुन्या ३.७३ वाल्या गाडीइतकीच झेप घेते. म्हणून ही अदलाबदल करणारे जाणकार गिअरबॉक्स आणि एक्सल यांचा विचार एकत्र करतात. ३.४२ ते ३.७३ च्या दरम्यान बहुतेकांचं जमतं.

(पडद्यावर: तीन गिअरबॉक्स शेजारी-शेजारी.)

मग निवड कोणाची? शेव्हरोलेच्या इंजिनाला ७००-आर४ आणि २००-४आर दोन्ही चालतात. ७००-आर४ टर्बो ३५० पेक्षा सुमारे तीन इंच लांब. छोट्या शेपटीच्या टर्बो ३५० ची लांबी २७.७ इंचांच्या आसपास, हिची ३०.७५. म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट कापून घ्यायचा, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो आडवा आधार) सरकवायचा. २००-४आर ची एकूण लांबी मात्र टर्बो ३५० इतकीच. शाफ्ट तोच राहतो, फक्त माउंटिंग मागे जातं, तेव्हा क्रॉसमेंबर हलवावा लागतोच. शिवाय तिच्या पुढच्या घंटेवर, म्हणजे इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या तोंडावर, बऱ्याचदा शेव्हरोलेची आणि इतर इंजिनांची अशी दोन्ही प्रकारची भोकं असतात, त्यामुळे पॉन्टिअक, ब्युइक किंवा ओल्ड्समोबिलच्या इंजिनाला ती सरळ बसते.

मला विचाराल तर मी २००-४आर कडे झुकेन, तेही लांबीपेक्षा गिअरांच्या अंतरासाठी. ७००-आर४ मध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ३.०६ वरून थेट १.६३. इंजिन ५,००० वर असेल तर धपकन २,६६० च्या आसपास येतं. २००-४आर मध्ये २.७४ वरून १.५७, म्हणजे साधारण २,८६५. ती नाजूक असते अशी कुरकूर ऐकू येते. पण टर्बोचार्जर लावलेल्या ब्युइक ग्रँड नॅशनलमध्ये हीच होती.

७००-आर४ घ्यायचीच तर सुरुवातीची नको. १९८४ पर्यंतच्या बॉक्सला २७ खाचांचा इनपुट शाफ्ट होता, नंतर ३० खाचांचा आला. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारा डबा बहुधा कुठला असतो, ते वेगळं सांगायला नको.

फोर्डवाल्यांसाठी एओडी. तिची रचना चमत्कारिक आहे: तिसऱ्या गिअरमध्ये ६० टक्के ताकद थेट एका बारीक शाफ्टमधून जाते आणि उरलेली टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे तेलाच्या जोरावर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातून. क्रायस्लरच्या चार गिअरवाल्या बॉक्सची शेपटी जाडजूड, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या तळाचा पत्रा कापण्याची तयारी ठेवावी लागते. संगणकावर चालणाऱ्या पुढच्या पिढ्याही बसतात. त्यांना वेगळा कंट्रोलर आणि सेन्सर लागतात, तो निराळा व्हिडिओ होईल.

(पडद्यावर: गाडी रॅम्पवर. गिअरबॉक्स जॅकवर. कन्व्हर्टर जवळून.)

आता हे नीट बघा. टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तोंडात बसवताना हाताने फिरवत आत ढकलायचा. आत त्याला तीन जागी अडकायचं असतं: इनपुट शाफ्टच्या खाचा, स्टेटरच्या खाचा आणि शेवटी पंपाचे दात. प्रत्येक वेळी ठक् असा आवाज येतो आणि तो थोडा आणखी आत जातो. दोन वेळा ठक् झालं की पुष्कळांना वाटतं बसला. नाही बसला. मग ते बॉक्स इंजिनाला लावतात, मध्ये फट राहते, आणि ती बोल्टने आवळून बंद करतात. त्या आवळण्यात पंप फुटतो. बरोबर बसलेल्या कन्व्हर्टरची ओळख सोपी: बॉक्स इंजिनाला पूर्ण टेकल्यावरही कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो, आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या मागच्या चकतीपासून) तीन ते पाच मिलिमीटर मागे असतो. तो पुढे ओढून बोल्ट लावायचे.

(पडद्यावर: कार्ब्युरेटर. थ्रॉटलच्या दांडीला लावलेली केबल. बोट केबलकडे.)

आणि ही ती केबल. टर्बो ३५० लाही कार्ब्युरेटरपासून एक केबल यायची, पण तिचं काम फक्त एक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणं. इंजिनावर किती भार आहे ते त्या बॉक्सला व्हॅक्यूमच्या नळीतून कळायचं. केबल तुटली तरी गाडी घरी यायची. ७००-आर४ आणि २००-४आर मध्ये ती व्हॅक्यूमची नळीच नाही. भाराची सगळी बातमी या एका थ्रॉटल व्हॉल्व्ह केबलमधून जाते. तिच्या ओढीवरून आतल्या तेलाचा दाब ठरतो. केबल सैल म्हणजे बॉक्सला वाटतं चालक पायही लावत नाहीये. दाब कमी राहतो, वर इंजिन पूर्ण जोर लावतंय, आणि क्लचच्या प्लेटी घसरून जळतात. त्यासाठी गाडी फार लांब न्यावी लागत नाही. नवा बांधून घेतलेला बॉक्स पहिल्याच चक्करमध्ये जळल्याच्या ज्या कहाण्या ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या केबलपाशी येऊन थांबतात.

केबल लांबीला बरोबर असून भागत नाही. थ्रॉटलच्या दांडीवर ती मध्यापासून किती अंतरावर अडकवली आहे, त्यावर ती कोणत्या टप्प्याला किती ओढली जाईल ते ठरतं. कारखान्याच्या कार्ब्युरेटरवर ते अंतर ठरलेलं होतं. बाजारातल्या कार्ब्युरेटरवर नसतं, म्हणून दुरुस्तीची पट्टी लावावी लागते. ओढ नसताना ढील नको आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर केबल पूर्ण बाहेर आलेली हवी. त्यानंतर केसिंगवरच्या भोकाला प्रेशर गेज लावून दाब वाढतो का ते बघायचं. गेज न लावता गाडी रस्त्यावर काढणाऱ्याला मी तरी धाडसीच म्हणेन.

लॉकअपची वायर हा दुसरा विसरला जाणारा भाग. कन्व्हर्टरच्या आत एक क्लच असतो, तो लागला की तेलातली घसरण थांबते, आरपीएम आणखी थोडा उतरतो आणि मुख्य म्हणजे उष्णता कमी होते. मूळ गाड्यांमध्ये तो संगणक लावायचा. शेव्हेलमध्ये संगणक नाही, तेव्हा १२ व्होल्टची वायर, चौथा गिअर पडल्याचं सांगणारा प्रेशर स्विच आणि ब्रेकचा स्विच. ब्रेकचा यासाठी, की लॉक लागलेला असताना गाडी थांबवली तर इंजिन बंद पडेल. सोबत तेलाचा वेगळा कूलर लावावा, आणि जुना कूलर व नळ्या धुऊन घ्याव्यात. जळलेल्या बॉक्सचा चुरा त्यातच साठलेला असतो.

स्पीडोमीटरची चिंता नको. तो बॉक्सच्या मागच्या शाफ्टवरून फिरतो, त्याला चौथ्या गिअरचा पत्ताही लागत नाही. एक्सल किंवा टायर बदलला असेल तर त्याचा प्लास्टिकचा छोटा गिअर बदलावा लागतो. कन्सोलवरच्या दांडीला मात्र चौथ्यासाठी एक खाच जास्त हवी, नाहीतर पार्क आणि पहिला यांपैकी एकावर पाणी सोडावं लागतं.

(पडद्यावर: तोच हायवे. ताशी ७० मैल. मागे कुणीतरी बोलतंय, शब्द ऐकू येतायत.)

२,३६२. लॉकअप लागल्यावर काटा जवळपास तिथेच स्थिरावतो. पेट्रोल वाचतं, नक्की वाचतं, पण त्या बचतीतून या कामाचा खर्च भरून निघेल अशा भरवशावर कुणी राहू नये. हे काम करतात ते तीन राज्यं ओलांडून मेळाव्याला स्वतः गाडी चालवत जायचं म्हणून, ट्रेलरवर घालून नव्हे.

काढलेला टर्बो ३५० भंगारात देऊ नका. त्याच्या केसिंगवर गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. पुढे कधी गाडी विकायची वेळ आली तर खरीददार वाकून तोच आकडा शोधणार. तेल काढून, नळ्यांची तोंडं बुचं लावून बंद करून, कन्व्हर्टरसकट ठेवून द्या. शाफ्ट कापला असेल तर जुन्या मापाची चिठ्ठीही त्यावर चिकटवून ठेवा. पुढच्या मालकाला ती लागेल.