कोल्हा लॉन का उकरतो?

(लंडन परिसरातल्या मराठी बागप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सकाळी पडदा सरकवला आणि लॉनभर खड्डे दिसले की 'आता याला घालवू कसा' हाच प्रश्न तोंडात येतो. मी त्याच्या आधीचा प्रश्न विचारणार आहे. तो आला कशाला? पाच-सहा किलोचं हे जनावर रात्रभर पोटासाठी फिरत असतं. आपल्या गवताखाली जेवण आहे हे त्याला नाकानं कळतं. आपल्याला ते कळत नाही, एवढाच फरक.

जेवण म्हणजे गांडुळं, लेदरजॅकेट आणि चेफर भुंगेऱ्यांच्या अळ्या. चेफरची ओळख तुमच्यातल्या सांगली-कोल्हापूरकडच्यांना करून द्यायला नको. उसाची मुळं खाणारी हुमणी, तिच्याच कुळातली ही. तशीच पांढरट, तपकिरी डोक्याची, अंग वळवून बसलेली. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात. इथे ते मे-जूनमध्ये उडतात, गवतात अंडी घालतात, आणि उन्हाळा सरेपर्यंत अळ्या मुळांवर ताव मारायला लागतात. लेदरजॅकेट ही त्या लांब तंगड्यांच्या, दिव्याभोवती धडपडणाऱ्या क्रेनफ्लायची अळी. करडी, बिनपायांची.

म्हणून आधी तपासणी. पिवळा पडलेला गवताचा तुकडा हातानं ओढून पाहा. मुळं खाल्ली गेली असतील तर तो सतरंजीसारखा उचलला जातो आणि खाली चेफरच्या अळ्या दिसतात. लेदरजॅकेटचा संशय असेल तर संध्याकाळी तिथे भरपूर पाणी घाला आणि वर काळं प्लास्टिक अंथरा. सकाळी अळ्या वर आलेल्या असतात. आणखी एक, खणणारा कोल्हाच आहे ना? छोटे, निमुळते खड्डे बहुधा त्याचे. पट्टेच्या पट्टे उलटून टाकलेले असतील तर बॅजरची, म्हणजे बिळात राहणाऱ्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाच्या इथल्या जनावराची शक्यता जास्त. बॅजरला 1992 च्या स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा त्याच्या बिळाच्या वाटेलाही जायचं नाही.

उपाय गवताखाली करायचा. या अळ्यांवर घरगुती बागेसाठी मान्यता असलेलं रासायनिक कीटकनाशक इथे आता मिळत नाही. मिळतात ते सूत्रकृमी, डोळ्यांना न दिसणारे. ते अळीच्या शरीरात शिरतात, त्यांच्यासोबतचे जिवाणू तिला मारतात. हे पाकीट टपालानं घरी येतं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि मुदतीच्या आत झारीनं जमिनीत घालायचं. चेफर आणि लेदरजॅकेट यांच्यासाठी वेगवेगळे सूत्रकृमी लागतात, म्हणून वरच्या तपासणीला महत्त्व. माती किमान 12 अंश उबदार हवी, आधी ओली हवी आणि नंतर दोनेक आठवडे ओलीच राहायला हवी. चेफरसाठी ऑगस्ट-सप्टेंबर, लेदरजॅकेटसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर. लोक मात्र खड्डे पाहून नोव्हेंबरात जागे होतात. तोवर माती गार पडलेली असते आणि पैसे पाण्यात जातात.

खतांचंही पाहा. हाडांचा चुरा किंवा वाळवलेलं रक्त असलेलं खत घातलं, की कोल्ह्याला वाटतं इथे काहीतरी मेलेलं पुरलंय. मग तो शोधणारच! त्याऐवजी वनस्पतिजन्य खत वापरा. आणि पक्ष्यांसाठी म्हणून आपण शिळी पोळी, भात बाहेर ठेवतो ना, त्यातलं निम्मं रात्रीच्या पाहुण्याच्या पोटात जातं. शिळंपाकं खायला कोल्हा कुठवर जातो म्हणाल, तर 2011 साली शार्ड टॉवरचं बांधकाम चालू असताना एक कोल्हा 72 व्या मजल्यावर सापडला होता. कामगारांच्या डब्यातलं उरलेलं खाऊन राहत होता.

नवं लॉन घातलं असेल तर ते कोल्ह्याला फार आवडतं. आपण रोज पाणी घालतो, गांडुळं वर येतात, आणि मुळं न धरलेली टर्फ, म्हणजे तयार गवताची गुंडाळी, सहज उलटते. टर्फवर तारेची जाळी अंथरून खुंट्यांनी घट्ट बसवा, मुळं धरली की काढा. हालचाल जाणवताच पाणी फवारणारा स्प्रिंकलरही चांगला, पण त्याची जागा बदलत राहा. आवाजाच्या यंत्रांवर माझा फारसा भरवसा नाही. कोल्हा हुशार आहे, त्याला सवय होते.

आता 'मिरचीपूड टाकू का?' दरवेळी कोणीतरी विचारतं. नको. मिरचीपूड, डांबरगोळ्या, डिझेल, क्रिओसोट (लाकडाला लावायचं डांबरी तेल), यातलं काहीही प्राणी पळवायला वापरण्याची मान्यता नाही आणि ते कायद्यात बसत नाही. विष तर नाहीच. वन्य सस्तन प्राण्यांना क्रूरपणे इजा करणं 1996 च्या कायद्यानं गुन्हा आहे. मान्यता असलेली जी पावडर मिळते, तिच्यातला मुख्य घटक अमोनियम तुरटी असतो, म्हणजे आपल्या तुरटीचंच भावंड. कोल्हे वासानं हद्दी आखतात, त्या खुणांमध्ये ती गोंधळ घालते. पाऊस पडला की पुन्हा फवारायची. लंडन आहे, म्हणजे सारखीच.

पकडून दूर सोडून यायचा विचारही सोडा. अनोळखी मुलखात त्या प्राण्याचे हाल होतात आणि इथली रिकामी झालेली जागा दुसरा कोल्हा घेतो. काही काउन्सिलांनी पूर्वी कोल्हे मारून पाहिले आणि शेवटी नाद सोडला.

शेडखालच्या बिळाबद्दल मागच्या रांगेतून विचारलंय. पिल्लं साधारण मार्चमध्ये होतात आणि एप्रिलअखेर बाहेर दिसू लागतात. त्या काळात भोक बुजवलंत तर पिल्लं आत अडकून मरतील. उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत थांबा. मग तोंडाशी कागदाचे बोळे सैलसर कोंबून काही दिवस लक्ष ठेवा. ते जागचे हलले नाहीत, तर बीळ रिकामं आहे असं समजून जाळी बसवा. जाळी जमिनीत फूटभर खाली न्या आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे खणणाऱ्याचे पाय तिच्यावरच येतात.

आणि हो, रेबीजची भीती घेऊन आलेल्यांसाठी: ब्रिटनमधल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज नाही. विष्ठा उचलताना हातमोजे मात्र घाला, त्यातून जंतांची अंडी येऊ शकतात.