स्टेशन नीट लाव

(पडदा काळा. फक्त रेडिओची खरखर.)

हा आवाज ओळखलात? ज्यांच्या घरी काट्याचा रेडिओ होता, त्यांना सांगायला नको. शॉर्ट वेव्हवर काटा सरकवताना मध्येच शिट्टी, मध्येच कुठल्या तरी परक्या भाषेतल्या बातम्या, मग नुसती खरखर, आणि त्या खरखरीच्या पलीकडे कुठे तरी आपलं स्टेशन. माझे बाबा लहानपणी बुधवारी रात्री रेडिओ सिलोन असंच शोधत बसायचे. बिनाका गीतमाला. अमीन सयानींचा आवाज लाटेसारखा यायचा, लाटेसारखा जायचा. "नेमकं वरच्या पायदानाला स्टेशन पळायचं," ही तक्रार बाबा आजही करतात.

सप्टेंबर २०१२. मी खोलीत स्पीकरवर एक नवाकोरा अल्बम लावला होता. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेला. स्पॉटिफाय भारतात यायला अजून साडेसहा वर्षं होती, तेव्हा कसा मिळवला हे विचारू नका. पहिलं गाणं सुरू होऊन मिनिटभर झालं असेल. बाबा दारातून डोकावले.

"अरे, स्टेशन नीट लाव की."

"बाबा, रेडिओ नाहीये हा. गाणंच असं आहे."

"असं?" म्हणाले आणि गेले.

(पडद्यावर अल्बमचं नाव : सेंटिपीड हर्ट्झ)

बँडचं नाव ॲनिमल कलेक्टिव्ह. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे चार शाळकरी दोस्त. डेव्हिड पोर्टनर, नोआ लेनॉक्स, जॉश डिब आणि ब्रायन वाइट्झ. पण चाहत्यांत या नावांनी त्यांना कुणी बोलवत नाही. ॲव्ही टेअर, पांडा बेअर, डीकिन आणि जिऑलॉजिस्ट. हा जिऑलॉजिस्ट स्टेजवर कपाळाला टॉर्च बांधून उभा असतो. अंधारात यंत्रांची बटणं दिसावीत म्हणून.

यांच्यात एक सोय आहे. प्रत्येक अल्बमला चौघांनी असलंच पाहिजे असा नियम नाही. २००४ चा 'संग टाँग्ज' दोघांनीच केला, बराचसा साध्या अकूस्टिक गिटारवर. 'फील्स' आणि 'स्ट्रॉबेरी जॅम' चौघांनी केले. दर वेळी आवाज नवा, दर वेळी थोडे चाहते गळाले, थोडे नवे आले. कुणाला फार वाईट वाटलं नाही, कारण मुळात गर्दीच छोटी होती.

(गर्द हिरवी पानं असलेलं मुखपृष्ठ. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

आणि मग २००९ चा जानेवारी.

या चित्राकडे बघा. कॅमेरा थांबला आहे. चित्रही स्थिर आहे. तरी पानं हलताहेत ना? जपानी मानसशास्त्रज्ञ अकियोशी किताओका अशा दृष्टिभ्रमांसाठी प्रसिद्ध आहेत, त्यांच्या कामावरून हे मुखपृष्ठ घेतलं आहे. अल्बम : 'मेरिवेदर पोस्ट पॅव्हिलियन'. हे नाव मेरीलँडमधल्या एका खुल्या प्रेक्षागृहाचं. फ्रँक गेरी या वास्तुविशारदाने आखलेलं, १९६७ मध्ये सुरू झालेलं. बाल्टिमोरकडच्या पोरांना उन्हाळ्यात हिरवळीवर बसून गाणं ऐकायची ही जागा.

या वेळी डीकिन सुटीवर होता. म्हणजे गिटारवाला नाही. मग तिघांनी सॅम्पलर पुढे ओढले. सॅम्पलर म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून ठेवायचा आणि बटण दाबून पुन्हा पुन्हा वाजवायचं यंत्र. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड गावच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, आणि सोबतीला होता बेन ॲलन हा निर्माता. नार्ल्स बार्क्ली या अमेरिकन जोडीबरोबर काम केलेला, खालच्या पट्टीतला बास कसा उचलायचा हे जाणणारा. आवाज पाण्याखालून आल्यासारखा, पण वर गाणं स्वच्छ. पांडा बेअरचं 'माय गर्ल्स' हे बायकोमुलीसाठी डोक्यावर छप्पर मागणारं गाणं यातलंच. आधुनिक बेस्ट-ऑफ याद्यांत ते अजून सापडतं. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या अमेरिकन वेबसाइटने अल्बमला दहापैकी ९.६ दिले आणि वर्षातला सर्वोत्तम ठरवला. अमेरिकेतल्या खपाच्या बिलबोर्ड यादीत तो १३ व्या क्रमांकावर गेला. मुलाखतींची रांग लागली. छोट्या गर्दीची एकदम जत्रा झाली.

या जत्रेत मीही सामील झालो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे याचा संबंध येणार आहे.

(टेक्ससमधला सपाट प्रदेश. पिकॅनच्या झाडांच्या रांगा.)

पुढच्या खेपेला, म्हणजे सेंटिपीड हर्ट्झला, डीकिन परत आला. तोवर चौघं चार ठिकाणी राहायला लागले होते, पांडा बेअर तर पोर्तुगालमध्ये लिस्बनला. गाण्यांची देवाणघेवाण ईमेलवर चालायची. २०११ च्या सुरुवातीला त्यांनी ठरवलं की पुन्हा बाल्टिमोरला जमायचं आणि एकाच खोलीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत वाजवायचं. पांडा बेअर ड्रमसेटवर बसला. त्या जुलैत ते खुद्द मेरिवेदर प्रेक्षागृहात वाजवायला गेले. लोक त्या नावाचा अल्बम ऐकायच्या तयारीने आले होते, यांनी त्यांच्यापुढे बरीचशी न ऐकलेली गाणी वाढली. मला हे आवडतं. पाहुण्यांना श्रीखंडाच्या वासावर बोलवायचं आणि पानात ठेचा वाढायचा.

रेकॉर्डिंग झालं टेक्ससमध्ये टॉर्निलोला, मेक्सिकोच्या सीमेलगत, पिकॅनच्या बागांमधल्या सॉनिक रँच स्टुडिओत. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. निर्माता तोच. बेन ॲलन. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले तर हे खरं वाटत नाही.

कल्पना अशी होती. पृथ्वीवरून सुटलेल्या रेडिओच्या लहरी अवकाशात दूरवर जातात. जाता जाता मोडतात, एकमेकींत मिसळतात. तिकडे परग्रहावरच्या एखाद्या बँडने ही मोडतोड ऐकून गाणी बसवली, तर ती कशी वाजतील? म्हणून गाण्यांच्या मधल्या फटींत स्टेशनं बदलल्याचे आवाज, जिंगलचे तुकडे, खरखर. म्हणजे बाबा चुकले नव्हते. काटा खरंच दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवलेला होता. मुद्दाम.

नावही तसंच. सेंटिपीड म्हणजे गोम, हर्ट्झ म्हणजे कंपनांचं माप. इंग्रजीत 'हर्ट्स' म्हणजे दुखतं, तेव्हा ज्यांना अल्बम आवडला नाही त्यांना त्या 'हर्ट्झ'वर कान दुखल्याची कोटी करायला कष्ट पडले नाहीत.

(ढोलताशाचा आवाज. दोन पथकं, दोन ताल.)

नापसंतीचं पहिलं कारण खरं तर तांत्रिक आहे. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर दोन पथकांच्या बरोबर मध्ये उभं राहून बघा. पुढचा ताल ऐकू येतो, मागचा ऐकू येतो, पण शेजारचा माणूस काय म्हणतो ते कळत नाही. तो हळू बोलत नसतो. त्याचा आवाज ज्या पट्टीत आहे ती पट्टी ताशाने आधीच भरून टाकलेली असते. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं, ज्यांच्यामुळे शब्द कळतो, ती साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास असतात. तिथेच या अल्बमची झांज, तिथेच सिंथेसायझर, तिथेच ती खरखर. मग ॲव्ही टेअरने कितीही बेंबीच्या देठापासून ओरडावं.

मेरिवेदरमध्ये काय होतं? खाली बास, वर आवाज, आणि मधे मोकळं अंगण. इथे अंगणातही पाहुणे झोपलेले.

या अल्बमवर मी जितक्या जणांशी भांडलो त्यातला माझा एक मित्र साउंडचं काम करतो. त्याचं म्हणणं, "गाणी चांगली आहेत रे, कुणी तरी त्यांच्या अंगावर गाद्या टाकल्यात." दुसरी एक मैत्रीण, 'फील्स'च्या काळापासूनची चाहती, या वाक्यावर उसळते. तिच्या मते हा बँड पहिल्यापासून असाच होता. ओरडणारा, एकावर एक थर रचणारा, अंगावर येणारा. २००३ चा 'हिअर कम्स द इंडियन' काढून ऐका म्हणते. बँडने स्वतःच २०२० मध्ये त्याचं नाव बदलून 'आर्क' केलं. तो अल्बम ऐकलेल्या माणसाला सेंटिपीड गोंगाट वाटणारच नाही, उलट त्यात फारच सरळ गाणी आहेत असं वाटेल. "तुम्ही सगळे २००९ ला आलात," ती माझ्याकडे बघून म्हणते, "आणि दिवाणखाना बघून घर विकत घेतलंत."

तिचं खरं आहे. भांडण दिसायला २०१२ च्या अल्बमवर आहे, पण मुद्दा २००९ चा आहे. मेरिवेदर हे या बँडचं पोचण्याचं ठिकाण होतं, की वाटेतला एक थांबा? जो पोचण्याचं ठिकाण मानतो त्याला सेंटिपीड म्हणजे घसरण. जो थांबा मानतो त्याला ही नेहमीची गाडी, नेहमीच्या रुळावर.

पण ही वाटणी इतकी सुतासारखी सरळही नाही. 'संग टाँग्ज'च्या शांत गिटारवर जीव टाकणारे कितीक जुने चाहते सेंटिपीडला हात लावत नाहीत. आणि ज्यांनी हा बँड सर्वात आधी या अल्बमपासूनच ऐकला, शाळकरी वयात, त्यांना बाकी सगळं मिळमिळीत वाटतं. पांडा बेअरचे चाहते वेगळेच रुसलेले. अकरा गाण्यांत त्याची दोनच. डीकिनने बँडच्या अल्बमवर पहिल्यांदा मुख्य आवाज दिला त्या गाण्यावरून तर दोन मित्रांना मी अबोला धरताना पाहिलं आहे. दोन दिवसांचा, पण धरला.

पिचफोर्कने या वेळी ७.४ दिले. नापास नाही. पण पहिल्या नंबरात आलेल्या पोराला सेकंड क्लास मिळाला की घरात जी शांतता पसरते, ती पसरली.

माझं मत विचाराल तर पहिली पंधरा-वीस मिनिटं मला आजही दमवतात. गाणं श्वास घ्यायला थांबतच नाही. पण 'मंकी रिचेस' नावाचं सहा मिनिटांहून लांब गाणं येतं, आणि तिथे तोच गोंगाट हळूहळू तापत जातो, घाई न करता, आणि शेवटी ॲव्ही टेअरचा गळा फाटतो तेव्हा तो फाटायलाच हवा होता असं वाटतं. चार माणसं एका खोलीत असल्याशिवाय हे वाजलं नसतं. सॅम्पलरच्या बटणांवर तर नाहीच. मेरिवेदर मी जास्त वेळा ऐकला आहे. भांडताना बाजू मात्र सेंटिपीडची घेतो. का, ते मला नीट सांगता येत नाही.

(मधल्या वर्षांची मुखपृष्ठं भराभर.)

२०१६ मध्ये 'पेंटिंग विथ' आला, आखूड आणि चटपटीत गाण्यांचा. त्यावर नाराज झालेल्यांपैकी काहींना अचानक सेंटिपीड आठवला आणि तो तितका वाईट नव्हता असं म्हणू लागले. सासू गेल्यावर सुनेला आठवते, तसं. २०२२ च्या 'टाइम स्किफ्स'मध्ये चौघं पुन्हा एकत्र आले, आवाज मोकळा झाला, बरेच रुसवे निघाले. सेंटिपीडचा सोडून.

(घरातली खोली. जुने स्पीकर. खुर्चीत एक वयस्क माणूस, पाठमोरा.)

हा व्हिडिओ करताना मी बाबांना पुन्हा तो अल्बम ऐकवला. त्यांना आधीचं काही आठवत नव्हतं. चौथं गाणं फळांवर आहे, ॲव्ही टेअरचं. लहानपणी फळं कधी संपणारच नाहीत असं वाटायचं, अशा काहीशा विषयावरचं. त्यातले शब्द कळायला मला दोन वर्षं लागली होती, तीही छापील पाहून. बाबा डोळे मिटून बसले होते. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी खुर्चीच्या हातावर किंचित फिरत होती. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग केसभर मागे.

मग डोळे उघडले.

"मँगो म्हणाला का रे तो?"

मी गाणं थांबवलं. थोडं मागे घेतलं. पुन्हा लावलं.

"मँगोच," बाबा म्हणाले. "त्याच्या पुढचं नाही लागलं. परत घे जरा."